दीड तोळ्याला थोडं कमी

सुकवारोच्या नातीनं गल्ल्यावर चार जोडवी ठेवली.
म्हणाली, आजी गेली जी. मोडून टाका.
बाहेर लाखोरी फुललेली, वैनगंगा गुडघ्याएवढी,
दुपार, दुसरं गिऱ्हाईक नाही.

ही जोडवी बाबांच्या हातची.
मी नऊ वर्षांचा, शेगडीचा भाता माझ्याकडे.
सुकवारो सोनझारीण. लाकडी पाटीत नदीची वाळू घोळवायची,
आमच्या दुकानापुढची नालीसुद्धा;
सोनाराघरची धूळ म्हणजे तिचं शेत.
एकदा पदराच्या गाठीतून तिनं
जाड, ओबडधोबड नाणं काढलं.
"पाहा जी, पिंगळा आहे याच्यावर."

खरंच पिंगळा.
अंग तिरपं, तोंड सरळ आपल्याकडे,
मागे चंद्राची कोर, पाल्याची एक डहाळी,
आणि तीन अक्षरं; त्यातलं एक नुसता गोल, पोटात टिंब.
उलट बाजूला टोप घातलेली बाई,
ओठांवर हसू की हिशेब, कळत नव्हतं.
बाबांनी छिन्नी उचलली आणि थांबले.
पिंगळ्याच्या मानेवर आधीच एक घाव होता,
जुना, काळा पडलेला.
"आपल्याआधी कोणी पारखून गेला," बाबा म्हणाले,
आणि त्या कोणाच्या तरी भरवशावर
नाणं मुशीत टाकलं.

भाता मी मारला.

तीस वर्षांनी, नागपुरात, डोळ्यांच्या दवाखान्यात
एका फाटक्या मासिकात तोच पिंगळा दिसला.
खाली लिहिलेलं: अथेन्स.
माझा नंबर पुकारला, मी उठलो नाही.

मग वाचत गेलो, मिळेल तसं, चाळशी लावून.
तिथल्या डोंगरात शिशाच्या पोटी चांदी निघायची.
विकत घेतलेली माणसं, रांगत जावं एवढी बिळं,
हातात एक दिवा.
मग शिसं पिऊन घेणारी वाटी, तळाशी उरलेला पांढरा थेंब;
हे मला कोणी शिकवायला नको.
एका वर्षी खाणीत घबाड लागलं.
गाव बसलं: माणशी दहा नाणी वाटायची की जहाजं बांधायची?
आमच्या ग्रामसभेत काय ठरलं असतं, मला ठाऊक आहे.
त्यांनी जहाजं बांधली.
चिंचोळ्या खाडीत मोठ्या राजाचं आरमार बुडवलं,
आणि पिंगळा बाजारोबाजार उडाला,
बंदराबंदरावर कोणी अविश्वासू माणूस
छिन्नी घेऊन बसलेला.
बिळातल्या माणसांचं तोंड
नाण्याच्या कुठल्याच बाजूला नाही.

तो वैनगंगेपर्यंत कसा आला, सांगता येत नाही.
आला होता का, तेही नाही.
साक्षीला मी एकटा, नऊ वर्षांचा, डोळ्यांत धूर.
दिवेलागणीला चिंचेवर पिंगळे कलकलतात,
बायको म्हणते, हाकला त्यांना, घराला बरं नाही.
मी ऐकू न आल्यासारखं करतो.

बाबांच्या वहीत आहे:
सुकवारो, नाणे एक, दीड तोळ्याला थोडं कमी, मजुरी माफ.
आज काटा तोळाभरच दाखवतो.
बाकीचं बांध्यांत गेलं, चाळीस रोवण्यांच्या चिखलात,
नदीच्या वाळूत, जिथून उचललं तिथेच.

कापायची गरज नव्हती. चांदी आमचीच.
तरी हात गेला.
जोडव्यावर छिन्नी, हातोडीचा एक टोला.
आतून पांढरं, लख्ख.
"काय पाहता जी?"
"काही नाही. मोडू नको, तूच घाल."
"लगन कुठं झालं माझं अजून," ती हसली,
"नर्सिंगची फी भरायची आहे."

आजचा भाव सांगितला, तोळ्याचा नाही, दीड तोळ्याचा.
तिनं दोनदा मोजून घेतले, एक नोट उजेडात धरून पाहिली.
बरोबर केलं.

ती गेली. जोडवी गल्ल्यावर आहेत.
शेगडी मी अजून पेटवलेली नाही.