सॅम्पल फ्लॅट

शियेच्या अलीकडं, मागच्या साली जिथं
आडसाली ऊस उभा होता,
तिथं फक्कीच्या रेघा, दीड-दीड गुंठ्याचे चौकोन,
आणि कडेला एकच घर, पडदे लावलेलं.

जिनगोंडा एजंट म्हणाला, चपला बाहेर काढा वहिनी.
काढल्या.
फरशी इतकी गार की मी बोटं दुमडून उभी राहिले.

टेबलावर सफरचंदं, प्लॅस्टिकची.
नळ चकचकीत, खाली पाईप नाही.
भाव विचारला तर "बसून बोलू की,"
आणि पूररेषेचं विचारलं तर
हात असा हलवला, जशी माशी.

हे शिरोलीच्या फाउंड्रीतनं
रातपाळी करून थेट आलेले.
पलंगावर सहज म्हणून आडवे झाले,
तर पाय घोट्यापासनं बाहेर.
आखूडच करून घेतलेला,
खोली मोठी दिसावी म्हणून.

आणि झोपलेच.
घोरायला लागले.

जिनगोंडा घड्याळ बघतोय, बाहेर दुसरं गिऱ्हाईक,
लेकरासकट.
म्हटलं, दादा, नागावातल्या आमच्या खोलीचा पत्रा
दिवसा डोळा लागू देत नाही.
पाच मिनिटं राहू द्या.

काय होईल ते भाडं सांगा.