सोयीच्या जागी

गाडीचा क्लच गेला म्हणून
चढले डोल्मुशमध्ये, अकरा वर्षांनी.
त्राब्झोनचा चढ, नोव्हेंबर, काचांवर वाफ,
मागच्या बाकावर उरलेली एकच जागा.

डोल्मुश म्हणजे भरलेलं.
आई मिरच्या भरायची, वांगी भरायची, द्राक्षाची पानं,
त्याच क्रियापदातून निघालेली ही गाडी.
सारण आम्ही.

मी पर्स शेजारी ठेवली. शेजारी म्हणजे
एका पोराच्या अर्ध्या मांडीवर.
तो काही बोलला नाही, नुसता आकसला.
मग मी मेकॅनिकशी फोनवर भांडले,
आणि क्लचची किंमत चौदा माणसांना कळली.
पुढच्या रांगेतला वेल्डर मान न वळवता म्हणाला,
"लुटतोय तो. साताल्मिशकडे न्या."

पोराने पन्नासची नोट पुढे केली.
"देता का पुढे? एक जण, विद्यार्थी."
मी दिली झेकिये आजींना, ज्यांच्या मांडीवर मासळीची पिशवी,
दोन पिशव्यांत गुंडाळलेली, वर गाठ, गाठीवर हात.
आजींनी दिली वेल्डरला.
नखांत काजळी, पण नोट धरली चिमटीत,
नुकतीच रंगवलेली असावी तशी.
त्याने नर्सला, नर्सने इयरफोनवाल्या मुलीला,
मुलीने न बघता, अचूक,
ड्रायव्हर नुसरेतच्या मागे वळलेल्या तळव्यात.

वळण आलं. सुटे द्यायला त्याला उशीर झाला.
युनिव्हर्सिटीपाशी पोरगा म्हणाला, "सोयीच्या जागी,"
उतरला, धुक्यात गेला, दार लागलं,
आणि मग निघाले पैसे, त्याच वाटेने उलटे:
मुलगी, नर्स, वेल्डर, आजी.
प्रत्येकाने ओंजळीतून ओंजळीत ओतले.
कुणी मोजले नाहीत.
माझ्या औषधांच्या दुकानात दोन कॅमेरे आहेत,
एक तर गल्ल्यावरच रोखलेला.

बत्तीस लिरा. वीसची, दहाची, दोन नाणी.
मी शेवटचा हात. माझ्यापुढे काच.

"थांबवा! इथेच थांबवा!" मी ओरडले, ऐन चढावर.
मागून ट्रकचा भोंगा. सगळ्यांनी वळून पाहिलं.
आजी हळूच म्हणाल्या,
"पोरी, 'इथेच' नाही म्हणायचं.
'सोयीच्या जागी' म्हणायचं.
सोय त्याची. आपली नव्हे."

मी एक्कावन्न वर्षांची.
'पोरी' म्हणून कुणी हाक मारल्याला
किती दिवस झाले, मोजत बसले घरापर्यंत.

पैसे गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवले.
दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच डोल्मुश. पोरगा नाही.
तिसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, "त्यांची परीक्षा चालू असेल."
पाचव्या दिवशी वेल्डरने स्वतःहून पाहिलं माझ्याकडे,
मी मान हलवली: नाही.
आता गाडीत सगळ्यांनाच माहीत आहे तो मुलगा,
ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

गुरुवारी साताल्मिशचा फोन. "गाडी तयार आहे, बाई."
(निम्म्या किमतीत. वेल्डर खरं बोलत होता.)
म्हटलं, राहू दे तिथेच थोडे दिवस.
"काही बिघडलंय का अजून?"
नाही हो. एकाचे पैसे द्यायचेत.

पर्स मांडीवर घेते हल्ली. फोन आला तर
"गाडीत आहे" एवढंच, आणि बंद.
पार्किंग शोधताना शिव्या दिल्या नाहीत
त्याला सतरा दिवस झाले.
समुद्र दिसतो डाव्या बाजूने. तो तिथे होताच,
पण मी त्या वळणावर नेहमी आरशात बघत असे,
मागे कोण टेकवतंय गाडी.

काल मागून कुणीतरी खांद्याला बोट लावलं.
शंभरची नोट. दोन जण, बंदर.
मी पुढे दिली. चेहरा पाहायचा राहिला,
म्हणजे, पाहावासा वाटलाच नाही.

कोटाच्या खिशात बाटली आहे.
चढावर नाणी वाजतात, दोनच आहेत,
तरी नुसरेतला ऐकू जातात.
तो आरशातून विचारतो, "आज?"
मी म्हणते, "उद्या बघू.
सोयीच्या जागी, नुसरेत."