चकत्या

रविवार कारंजाला ताहेरभाईंच्या दुकानात
त्या साली काचेमागचे खण उघडे पडले होते.
"बोरस्ते, परवान्यावर आकडा आहे,
फळीवर माल नाही,"
म्हणाले, आणि चहा मागवला.
पुढच्या महिन्यात चहाही नाही.
इकडे ओझरला भोकरीच्या घडांत पाणी भरत आलेलं
आणि भोरड्यांना परवाना लागत नाही.

मग तात्या टरफलं शोधत फिरले.
बांधावरची, गोवऱ्यांच्या ढिगातली,
एक शेळीच्या गळ्यात घंटा म्हणून वाजत होतं,
एकात मी शाळेपासून पेन्सिलींचे तुकडे ठेवायची.
सत्तेचाळीस भरली.
दवानं फुगलेली कागदी तोंडं
सुताराकडून कातून आणलेल्या खुंटीवर गोल करायची,
पितळी बूड चिंचेनं घासायचं,
मेलेली टिकली काढून
नवी टिकली बसवायची.
टिकल्यांची डबी तेवढी ताहेरभाईंनी
कुठून तरी काढून दिली होती.
हलक्या हातानं, तात्या म्हणायचे, रागात नाही.
टिकलीला राग कळतो.

दारू तोलायला पिंपळगावच्या सोनाराचा काटा आणला.
ह्याच काट्यावर दिवाळीनंतर
माझ्या डोरल्याचं सोनं तोललं होतं.
सोनार काटा देताना काही बोलला नाही,
पारडी मात्र दोनदा पुसली.

दारूवर नमदा, नमद्यावर छर्रे,
छर्ऱ्यांवर पुठ्ठ्याची चकती,
आणि काठ आत दुमडायचा.
नमदा टांग्याच्या एका जुन्या खोगिरातून निघाला.
पुठ्ठा कुठून आणायचा, हे कोणी विचारलं नाही.

माळ्यावर माझ्या लग्नाच्या पाचशे पत्रिका होत्या.
मेनरोडच्या छापखान्यातून आलेल्या, जाड, हळदी रंगाच्या,
सुतळीसुद्धा न सोडलेल्या.
"माघात बार उडवून टाकू," असं बैठकीत ठरलेलं,
आणि पौषात सिन्नरहून एक पोस्टकार्ड आलं,
चार ओळींचं, वर श्री काढून.
आईनं ते तांदळाच्या डब्यात ठेवलं.
तात्यांनी ते वाचलं की नाही, मला आजही माहीत नाही.
तिसऱ्या रात्री कंदिलाजवळ
एक गठ्ठा आणि चामड्याला भोकं पाडायची पोलादी नळी
माझ्यापुढे सरकवली.
"मधोमध धर. कड फाटली की छर्रे सांडतात."

मी हातोडी मारली.
पहिल्या चकतीत गणपतीची सोंड आली.
दुसरीत 'चि. सौ. कां.', तिसरीत त्याच्या आडनावाचं शेपूट,
मग नुसता मुहूर्त, सात वाजून,
किती मिनिटांनी ते पुढच्या चकतीत.
एका पत्रिकेत नऊ बसायच्या.
नीट मांडलं तर दहा.
मी दहा काढायला लागले.

माघात बार उडाले.
सकाळी एक, उन्हं कलताना एक, मोजून.
भोरड्यांचा काळा-गुलाबी थवा उठायचा,
बाणगंगेवरून वळसा घालून
थोडा कमी होऊन परत यायचा.
आणि द्राक्षांच्या मांडवावर
हळदी तुकडे उतरायचे, जळक्या कडांचे, अजून गरम.
छर्रे संपल्यावर नुसती दारू आणि चकती.
पाखरांना फरक कळला नाही,
किंवा कळला, पण त्यांनी आमची लाज राखली.

त्या हंगामात चार-पाच पत्रिका पुरल्या.
बाकीच्या दर साली थोड्या थोड्या लागत गेल्या.

फाल्गुनात मुंबईच्या दलालाचं पत्र आलं:
पेटी क्रमांक अठ्ठावीस, घडाच्या देठाशी
एक गोल पुठ्ठा सापडला, त्यावर 'शुभ' असं छापलेलं.
आपल्या मालाचा हा नवीन शिक्का समजावा काय?

तात्यांनी उलट टपाली लिहिलं,
होय. भाव त्याप्रमाणे धरावा.