डावीकडची टाकी

वेलदूरला ओहोटीनं सोडलेल्या चिखलात
होडी पडलीये डाव्या कुशीवर, नेहमीसारखी.
बशीर होडेकर आत उतरतो, त्याच्यामागून नौफिल,
मग पान्यांचा डबा, शेवटी मी.

आधी उपसा.
नळी तोंडानं ओढली की डिझेल जिभेवर येतंच.
बशीर थुंकतो, चहाचा घोट घेतो, पुन्हा थुंकतो.
त्रेचाळीस लिटर निघालं, आईच्या जुन्या लुगड्यातून गाळून,
दोन कॅन आणि एक गोडेतेलाचा डबा.
तळाला राहिला तो गाळ, काकवीसारखा दाट.
"बारा वर्सांचा हाय ह्यो," बशीर म्हणतो
आणि बोट लुंगीला पुसतो.

टाकी बाबानं बसवलेली, इंजिनाच्या डाव्या अंगाला.
मधोमध का नाही? तर म्हणायचा,
मधोमध बर्फ. बर्फ काय डोक्यावर घेऊ?
आणि स्वतः बसायचा उजवीकडे,
सुकाणूचा दांडा काखेत.

शंभर लिटर डिझेल म्हणजे चौऱ्याऐंशी किलो.
बाबाही तेवढाच,
भात जेवून निघाला तर थोडा जास्त.
हे गणित त्यानं कधी मांडलं नव्हतं.
टाकी हलकी होत जायची
तसा तो फळीवर वीत वीत आत सरकायचा,
विडी न विझवता.
संध्याकाळी होडी खाडीत शिरली
की आई धक्क्यावरूनच सांगायची,
"मधी बसलाय. दिजेल सपला.
काडा पैशे."

मी बावन्न किलो.
राहिलेल्या बत्तिसांसाठी दोन वर्षं
वाळूची गोणी बसवली त्याच्या जागी.
गोणीला सरकता येत नाही.
टाकी भरलेली असो की रिकामी, ती आपली तिथंच,
पाहुण्यासारखी.
गेल्या महिन्यात अंजनवेलच्या बाहेर
शीड भरलं, होडी डावीकडे कलली,
नळीनं डिझेलऐवजी हवा ओढली,
इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प.
गोणी सुटली ती नेमकी खालच्या बाजूला गेली.
तेव्हा काय केलं ते आईला सांगितलेलं नाही.
बशीरला सांगितलं.
तो म्हणाला, रविवारी येतो.

आता बर्फाचा खण हातभर कापला.
टाकी पठाणावर, डोलकाठीच्या मागे,
खाली फणसाच्या दोन ओंडक्यांची बैठक,
वरून पत्र्याचे पट्टे, बोटभर जाड रबर.
तांब्याची नळी नवी. हवेची नळी वर, शिडाच्या दोरात अडकणार नाही अशी.
नौफिल आत वाकून आटे पिळतो,
त्याचे फक्त तळवे दिसतात.

जुन्या जागी चार भोकं उरली.
बशीरनं उंडीच्या खुंट्या ठोकल्या, वरून राळ.
लाकूड तिथं चौकोनभर पांढरं आहे,
घड्याळ काढल्यावर मनगट असतं तसं.
"रंग मार," तो म्हणाला.
बघू.

पाणी चढलं. आधी सुकाणू हललं,
मग मागची बाजू, मग चिखलानं होडी सोडली
ओला कागद सुटावा तशी.
होडी सरळ उभी राहिली.
मला ती कुणा दुसऱ्याचीच वाटली.

नव्वद लिटर ओतलं.
नौफिल हातपंप मारत राहिला, नळीतून आधी फेस,
मग बुडबुडे, मग एकच बुडबुडा बराच वेळ,
मग डिझेल.
इंजिन पहिल्या हिसक्याला लागलं.

मी सवयीनं उजवीकडे बसले.
होडी उजवीकडे झुकली.
"सरक," बशीर ओरडला. "अजून. अजून गो.
हां, मधी."

दाभोळच्या दिशेनं एक फेरी मारून परतलो.
धक्क्यावर आई उभी होती, डोळ्यांवर हात धरून.
दोर टाकायच्या आधीच विचारलं तिनं,
"सपला काय गो येवड्यात?"
आणि कनवटीला हात घातला.