आमचा कावळा

देपालपूर नाक्यावर पंक्चर काढताना
मार्तंडकाका सरळ कधी बोलत नाहीत.
उधारी बुडवणारा सोहनलाल?
‘भिया, तो तर आपल्या सावलीचंही देणं लागतो.’
ऊन तापलं की
‘आज कावळाबी चप्पल मागून राहिला.’

पुण्याहून आलेली सून म्हणाली,
‘मागून राहिला नाही, बाबा. मागतोय.’
‘तुझा शिकलेला असेल,
आमचा गौतमपुऱ्याचा.’

काकू गेल्या त्याच्या दहाव्या दिवशी
काकांनी दुकान उघडलं.
टबात ट्यूब दाबून धरली,
बुडबुडे येईनात.
कुणीतरी विचारलं, कसं काय?
आम्ही हसायच्या तयारीत.

‘करमत नाही,’ म्हणाले,
अगदी सुनेच्या मराठीत,

आणि कोरडीच ट्यूब
पुसून राहिले.