पोटखराबा

सर्व्हे नंबर एकशे बारा, मौजे कुसळवाडी, तालुका औसा.
तेहतीस वर्षं साखळी ओढली मी मोजणी खात्यात:
जिरायत, बागायत, गायरान, गावठाण,
आणि ज्याचं काहीच करता येत नाही तो पोटखराबा.
बारव पोटखराब्यात होती. चार गुंठे.
मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

निवृत्तीनंतर नातीनं टंकायला शिकवलं.
ज्ञानकोशात कुणीही लिहावं म्हणे,
म्हणून लिहिल्या सहा ओळी:
पायऱ्या बेचाळीस, देवळ्या नऊ, तोंड पूर्वेला,
पाणी आटल्याचं ऐकिवात नाही.
नाव, रांडेची बारव.

लाल चौकट आली.
आपले संपादन गाळणीने अडवले आहे. कारण: अपशब्द.
नात म्हणाली, "काय लिहिलालाव अप्पा, खातं बंद करतील."

मग वाद. परभणीच्या दैवशाला कुरुंदकरीण म्हणाल्या,
कळावंतिणीची बारव करा, अर्थ तोच, वास येत नाही.
पाथरवट नावानं लिहिणाऱ्या कुणाला
नावाचं काही नव्हतं, वर्गाची काळजी होती:
स्थापत्य की जलस्रोत? जलस्रोत म्हटलं तर पायविहिरी,
पण बारवा तिथून मागेच वेगळ्या काढल्यात,
आणि तीन लेखांसाठी औसा तालुक्याचा वर्ग उघडायचा का?
उदगीरचे इक्रामुद्दीन सर उर्दू पहाणी वाचून आले.
तेराशे सत्तावन्न फसली: बावली, बेनाम.
पुरावा म्हणाल तर एवढाच.

पुरावा.
सत्त्याहत्तर साली झेंड्या रोवताना
कौशाबाईनं पाणी पाजलं होतं मला.
घागरीच्या तोंडावर लुगड्याचा पदर, दुहेरी.
हिचं नाव काय, विचारलं मी, नकाशासाठी.
तिनं सांगितलं, न लाजता,
आत्याचं नाव सांगावं तसं.
"तिनं बांधली. आमच्या आज्यांच्या घागरी
दुसरीकडं कुठं टेकू देत नव्हते.
ती म्हणली, हितून भरा."
"तिचं नाव?"
"हेच की."

मी नकाशावर लिहिलं: विहीर, पडकी.
पडकी नव्हती.
माझ्याजवळही होती तेव्हा एक गाळणी,
लाल चौकट न दाखवणारी.

दैवशालाबाईंचं चुकलं असंही नाही.
मागच्याच महिन्यात कुणी एका कुस्तीगीर पोरीच्या लेखात
तोच शब्द घुसवत होता रात्रभर,
सतरा वेळा, आणि सतरा वेळा अडला.
तोच शब्द. यंत्राला काय कळावं
कुणाच्या तोंडून आलाय.
घागरीवरचं फडकं किडे अडवतं, पाणी खाली उतरतं;
इथं फडकं कोरडं आणि घागर रिकामी.

आठ दिवसांनी तोडगा निघाला.
शीर्षक, कुसळवाडीची बारव.
लोकांतलं नाव दुसऱ्या वाक्यात, अवतरणात,
गाळणीला त्या एका पानापुरती सूट.
संदर्भ पहाणीचा, बेनाम.
कौशाबाई संदर्भात बसत नाही,
ती कुठे छापलेली नाही.

वर्ग ठरलाच नाही.
पानाच्या तळाशी अजून सूचना आहे:
हा लेख कोणत्याही वर्गात नाही. कृपया मदत करा.
नात विचारते, टाकू का एखादा?
मी म्हणतो, राहू दे.
पोटखराब्याला सारा लागत नाही,
एवढं मला नक्की माहीत आहे.