पाणी, रस्ता, बाकी

बाबाजीपुऱ्यातल्या पागेदारबाईंचा फोन आला,
"पानं हरवतात रे दिकरा, रोज नव्यानं शोधावी लागतात."
रावपुऱ्यातलं दुकान, शटर अर्धं ओढून, गेलो.

म्हटलं, बुकमार्क करून देतो, आत यादीत राहतील.
"आत नको. आत ठेवलेलं मी विसरते.
दाराबाहेर चपला दिसल्या की कसं कळतं
घरात कोण आलंय. तसं पाहिजे."

मग शॉर्टकट.
माउसची उजवी टिचकी, नवीन, पत्ता चिकटवा, नाव द्या.
नावाशी त्या थांबल्या.
पानाचं स्वतःचं नाव दोन ओळींचं, सरकारी,
मधे मधे उभ्या रेघा.
एकेक अक्षर खोडत मागे गेल्या
आणि टंकलं: पाणी.

आजव्याची पातळी.
छत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत
सकाळी तलावावरून फोन, आणि या आकडा उतरवून घेणार,
फूट वेगळे, दशांश वेगळे,
लाल शाई फक्त श्रावण-भाद्रपदात.
"आता तर माघ चाललाय," मी म्हटलं, "माघात कोण बघतं?"
"माघात बघतो त्यालाच श्रावणात कळतं."

दुसरं पान उघडायला वेळ लागला.
एक चौक. बर्फ. सिग्नलचा खांब.
साखरेत घोळवल्यासारख्या दोन गाड्या.
कॅनडातल्या कुठल्याशा गावच्या नगरपालिकेचा कॅमेरा,
दर तीन मिनिटांनी एक चित्र.
"नीलाक्षी इथून वळते, कामावर जाताना."
दिसते?
"छे. तिच्या गाडीचा रंगही मला धड ठाऊक नाही.
रस्ता साफ केलाय का, तेवढं बघते.
केला असला की कुकर लावते."
तिला माहीत आहे, तुम्ही बघता?
"तलावाला कधी सांगितलं का मी?"

नाव: रस्ता.

तिसरं बँकेचं. ते मला न विचारताच टंकलं: बाकी.

आता पंचाईत अशी की पडद्यावर साहेबांचा फोटो,
कमाटीबागेत, बँडस्टँडपाशी, पांढऱ्या बुशशर्टात,
डाव्या अंगाला सरकून उभे.
आणि चित्रं येतात ती डावीकडूनच, वरून खाली.
"ह्यांच्या कपाळावर नको रे."
आपोआप रांगेत लावणं बंद केलं.
"खिशात ठेव. चाव्या, सुटे पैसे,
सगळं त्यांच्याच खिशात असायचं."
पाणी खिशात मावलं. बाकी मावली, जराशी वर आली.
रस्ता कोपरापाशी राहिला.

लीलो चिवडा पुढे केला. मी माउसला तेलकट बोट लागू नये म्हणून
करंगळीनं दाखवत होतो:
हा कोपऱ्यातला वाकडा बाण, बाई, याचा अर्थ
हे ते पान नाही. पानाकडे बोट आहे फक्त.
"म्हणजे चुकून पुसलं तर?"
काही जात नाही. पान तिकडे असतंच.
"आणि तिकडचंच गेलं तर?"
मग हे चित्र इथे तसंच राहतं. टिचकी मारली की
पान सापडत नाही म्हणून सांगतं.
मला वाटलं, घाबरतील.
त्या मान डोलावत होत्या,
कोणी कचेरीतली जुनी गोष्ट सांगावी तशी.
"नोंदवहीत तेच. पाणी केव्हाच पुढे गेलेलं,
आकडा आपला उभा."

मग स्वतः करून बघितलं.
एक टिचकी.
चष्मा वर केला.
दुसरी.
मधे इतकी फुरसत गेली की पान उघडलंच नाही,
नाव निळं झालं, बदलायचं असेल तर बदला म्हणून
रेघ लुकलुकायला लागली.
भरभर मारा, मी म्हटलं, टक्‌टक्‌, दारावर मारतो तशी.
"दारावरसुद्धा," त्या म्हणाल्या, "मी एकदा मारून थांबते.
आतल्या माणसाला उठायला वेळ लागतो."